धरणेकरी विठोबाच्या दारात: दुष्काळात बुडालेल्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण

“दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥” ही ओळ तुकोबांनी स्वतःविषयी लिहिली आहे. तिच्यात उपमा नाही, अलंकार नाही आणि आक्रोशही नाही. दुकानदाराने दिवसाअखेर वहीत नोंद करावी तशी ती आहे: आधी पैसा गेला, मग मान गेला, मग बायको गेली. व्यापाऱ्यावर दुष्काळ ज्या क्रमाने कोसळतो, त्याच क्रमाने या नोंदी आल्या आहेत.

संकटात देवाचा आधार वाटतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु आधार वाटतो म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यात नेमके काय घडते, हे क्वचितच तपासले जाते. “देवावर भार टाका” असा सल्ला देणारा बहुतेक वेळा स्वतः सुरक्षित जागी उभा असतो. तुकोबांच्या बाबतीत भार टाकणारा माणूस स्वतःच बोलतो आहे, आपल्या बोलण्यात काय घडले याचा क्रम सांगतो आहे, आणि त्याची बायको त्याच्यावर काय आरोप करत होती तेही नोंदवून ठेवतो आहे. अभ्यासाला याहून चांगले प्रकरण मराठीत मला तरी दिसत नाही. या प्रकरणाकडे पाहण्याची माझी दिशा आरंभीच सांगतो. तुकोबांना देवापाशी मिळालेला आधार हा सगळे देणे-घेणे विसरल्यामुळे मिळालेला नाही. माणसांकडचे येणे त्यांनी बुडवले आणि देवाकडे नवे खाते उघडले. त्या खात्यावर ते कधी ऋणको होते, पण अडचणीच्या वेळी बहुधा धनको होते.

साधनांविषयी थोडेसे

तुकोबांच्या चरित्राची दोन प्रकारची साधने आपल्याजवळ आहेत. पहिले म्हणजे गाथा. तिच्या शासकीय आवृत्तीत ४६०७ अभंग आहेत, आणि त्यांत “याति शूद्र वंश केला वेवसाव” या शब्दांनी सुरू होणारा आत्मकथनाचा अभंग आहे. संतांनी विचारले म्हणून सांगतो, एरवी हे बोलू नये, असे त्यात आरंभीच म्हटले आहे. दुसरे साधन म्हणजे महिपतींनी लिहिलेली चरित्रे. ‘भक्तविजय’ १७६२ सालचा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालचा, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचलेले. महिपतींनी जपलेल्या आठवणी मोलाच्या आहेत, कारण त्यांत घरगुती तपशील आहे. पण त्यांवर भक्तीचा लेप चढलेला आहे हेही उघड आहे. म्हणून पुढील विवेचनात जेथे तुकोबांचा शब्द आहे तेथे तो प्रमाण धरला आहे, आणि परंपरेतून आलेली गोष्ट परंपरेची म्हणूनच सांगितली आहे.

देहूचे घर आणि १६३० सालचा दुष्काळ

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीच्या काठी वसलेल्या देहूत मोरे आंबिले यांचे घर सुखवस्तू होते. जात कुणब्याची, धंदा वाण्याचा, गावच्या बाजारपेठेची महाजनकी घराण्याकडे, आणि पूर्वज विश्वंभरबुवांच्या काळापासून घरात विठोबाची पूजा व पंढरीची वारी. “आदि तो हा देव कुळपूज्य” असे तुकोबा म्हणतात ते याच अर्थाने: देव त्यांना संकटात नव्याने सापडला नाही, तो आधीपासून घरात होता. जन्म १६०८ सालचा धरला, तर दुष्काळ पडला तेव्हा ते बाविशीच्या आसपास होते. परंपरेनुसार तोवर वडील बोल्होबा आणि आई कनकाई वारले होते, थोरले बंधू सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले होते, आणि दुकान, सावकारी, धाकटा भाऊ कान्होबा व दोन बायका असा सारा भार या मधल्या भावावर आला होता. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असे; दुसरी जिजाई, जिला घरात आवली म्हणत, ती पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची मुलगी.

१६३० साली दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रदेशांत पाऊस फिरकला नाही. पुढील एक-दोन वर्षे हा दुष्काळ माणसे, गुरे आणि गावे खात राहिला. त्या वेळी शाहजहान निजामशाहीशी युद्धासाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता, आणि त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. भाकरीच्या मोबदल्यात लोक जीव द्यायला तयार होते पण घेणारा मिळत नव्हता, अशा आशयाचे त्याचे वाक्य प्रसिद्ध आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे बादशहाने अन्नछत्रे उघडल्याचेही तो सांगतो. देहूपर्यंत असले काही पोचण्याचा प्रश्नच नव्हता. उलट पुणे परगण्याला त्याच सुमारास दुसरा मार बसला: आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरवला, ही आठवण आजही पुण्यात सांगतात. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला तो याच वर्षीच्या फेब्रुवारीतला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळाची अस्थिरता कळते.

दुष्काळात शेतकरी मरतो हे सगळ्यांना ठाऊक असते. सावकार कसा बुडतो हे मात्र थोडे उलगडून पाहावे लागते. त्याची संपत्ती धान्याच्या कणगीत कमी आणि कागदावर जास्त असते. ज्यांच्याकडून येणे आहे तेच अन्नाला महाग झाले, की घरातली सगळी कर्जखते एका हंगामात रद्दी होतात. माल वाहणारे बैल चाऱ्यावाचून मरतात, त्यामुळे जेथे धान्य आहे तेथून आणणेही जमत नाही. त्याला ज्यांनी उसने दिले असेल ते मात्र दारात उभे राहतात. “बरें गेलें धन ढोरें गुरें” असे तुकोबा ज्याला म्हणतात, ते एवढे सगळे आहे. दिवाळे निघाले, रखुमाबाई अन्नावाचून गेली, आणि तिच्यामागे लहानगा संतूही गेला.

आधी लाज, मग देऊळ

या आत्मकथनात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची ओळ. बायको मेली असे सांगितल्यावर लगेच देवाचे नाव यावे अशी आपली अपेक्षा असते. तुकोबा म्हणतात: “लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥” म्हणजे पहिली भावना लाजेची आहे, ज्या बाजारपेठेचा आपण महाजन त्याच पेठेत तोंड कसे दाखवायचे, ही. दुःखाच्या आत लपलेली ही लाज फार कमी भक्तचरित्रांत सापडते, कारण चरित्रकाराला ती शोभून दिसत नाही. तुकोबांनी मात्र ती दडवली नाही. ज्याचा धंदा बसला आहे, ज्याचे हप्ते थकले आहेत, त्या माणसाला विचारावे. रात्री झोप उडते ती भुकेपेक्षा या लाजेने.

आणि त्यानंतर काय? “देवाचें देऊळ होतें जें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥” पूर्वजांनी बांधलेले विठोबाचे देऊळ पडझड होऊन उभे होते, ते नीट करावे असे मनात आले. परंपरा सांगते, की त्यांनी स्वतः माती कालवली आणि भिंती उभ्या केल्या. हे चित्र थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. गावचा सावकार, ज्याच्या ओसरीवर कालपर्यंत कुळे येऊन बसत, तो आता गुडघाभर चिखलात उभा राहून पायांनी माती तुडवतो आहे आणि येणारे-जाणारे ते पाहत आहेत. लाजेवर याहून थेट उपाय नसेल. जी वास्तू त्याच्यासारखीच पडली होती ती त्याने आपल्या हातांनी उभी केली. आणि त्यासाठी आधी मनात श्रद्धा दृढ असावी लागली, असे त्याच्या सांगण्यात कोठेही नाही.

उलट पुढे तर स्पष्ट कबुली आहे: “आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥” एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागलो, पण चित्त त्यात नव्हते. मग संतांची काही वचने पाठ केली. जे पुढे उभे राहून गात, त्यांच्यामागे राहून धृपद धरले. जमेल तसा लोकांवर उपकार केला, तो शरीर कष्टवून केला. या क्रमात हात आधी चालले, मग गळा, मग स्मरण, आणि चित्त सगळ्यांत शेवटी आले. आपल्याकडे दुःखी माणसाला सांगतात, की आधी मन घट्ट कर, श्रद्धा ठेव, मग सगळे सुरळीत होईल. तुकोबांची नोंद याच्या नेमकी उलट आहे. ज्याला स्वतःचा सूर सापडत नाही त्याने दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून उभे राहावे, एवढेच त्यांनी त्या दिवसांत केले. वारकरी कीर्तनात टाळकऱ्यांची जी रांग मागे उभी असते, तिच्यात त्या दिवशी कोणाच्या घरी काय घडले आहे हे कोणी विचारत नाही. टाळ हातात असला आणि धृपद धरले म्हणजे पुरते. ही सोय या संप्रदायाने करून ठेवली आहे, आणि तिचे मोल संकटात सापडलेल्यालाच कळते.

इंद्रायणीत गेलेली खते

महिपतींच्या परंपरेतील एक प्रसंग येथे घ्यावा लागतो. विषण्ण होऊन तुकोबा देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले, काही दिवसांनी कान्होबांनी त्यांना शोधून काढले, आणि दोघे इंद्रायणीच्या काठी आले. तेथे तुकोबांनी घरातली सगळी कर्जखते मागवली. ती पाण्यात टाकायला निघाले तेव्हा कान्होबांनी हरकत घेतली, की तुम्ही विरक्त झालात, पण मला प्रपंच करायचा आहे. मग खतांच्या दोन वाटण्या झाल्या. निम्मी कान्होबांना मिळाली, आणि उरलेली निम्मी तुकोबांनी नदीत सोडली.

या कथेचे तात्पर्य म्हणून वैराग्य सांगण्याची पद्धत आहे. मला तिच्यातली वाटणी अधिक बोलकी वाटते. देवाला शरण जाणाऱ्या माणसाने भावाच्या वाट्याला हात लावला नाही; जे स्वतःचे होते तेवढेच बुडवले. दुसरे असे, की पाऊस पडून एक-दोन सुगी चांगल्या गेल्या असत्या तर ती खते पुन्हा जिवंत झाली असती. सावकाराची पडती बाजू सावरते ती अशाच जुन्या येण्यावर. म्हणजे तुकोबांनी पाण्यात टाकलेले कागद निरुपयोगी नव्हते. पुन्हा पूर्वीसारखे उभे राहण्याचा एकमेव मार्ग त्यांनी बंद केला, आणि ज्यांच्या नावावर ती खते होती अशा किती तरी दुष्काळग्रस्त कुळांचा मार्ग मोकळा केला. दुष्काळात देव आपल्याला काय देतो एवढेच पाहणाऱ्या दृष्टीतून हा दुसरा अर्धा भाग निसटतो.

‘बरें जालें’ कोणी म्हणावे

“बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥” हा अभंग या प्रकरणातला सर्वांत परिचित आणि माझ्या मते सर्वांत गैरवापर झालेला पुरावा आहे. त्यात दिवाळे, दुष्काळ, कर्कशा बायको, लोकांतील दुर्दशा, अपमान, गेलेले धन आणि गुरे या प्रत्येकावर ‘बरें’ असा शिक्का मारला आहे. त्याच जातीचा पण आणखी धारदार असा दुसरा अभंग आहे: “बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली ॥ पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें ॥” हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा अशीच त्याची रचना आहे.

या ओळींतून ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ असा सिद्धान्त काढणे चूक आहे. पहिल्या अभंगात ‘बरें’ कशाला म्हटले आहे हे तिथेच सांगितले आहे: “अनुतापें तुझें राहिलें चिंतन । जाला हा वमन संवसार ॥” दुष्काळ चांगला होता असे त्यांचे म्हणणे नाही, त्या दुष्काळातून गेल्यावर आपण कोठे येऊन पोचलो, ती जागा त्यांना बरी वाटते. ही मागे वळून केलेली नोंद आहे. अन्न अन्न करीत बायको मरत होती त्या रात्री ‘बरें जालें’ म्हटल्याचा कोणताही दाखला नाही. त्या वेळची नोंद ‘लज्जा’ आणि ‘त्रास’ हीच आहे. शिवाय हे वाक्य ज्याचे पोर मेले त्यानेच उच्चारायचे असते. मयताच्या घरी भेटायला गेलेल्याने सतरंजीवर टेकत “देवाने सोडवले, बरे झाले” म्हणावे आणि आधाराला तुकोबांची ओळ द्यावी, हे मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी समोर बसलेल्या बाईची नजर जमिनीला खिळलेली पाहिली आहे. स्वतःच्या जखमेवर लावलेले औषध दुसऱ्याच्या जखमेत कोंबता येत नाही.

जिजाईंची बाजू

“लेंकरें बाईल उपेक्षिलीं” ही कबुली त्याच ‘बरें जालें’ अभंगात आहे, आणि ती ओलांडून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तुकोबांना देवापाशी जो निवारा मिळाला त्याचे भाडे घरातल्या बाईने भरले. परंपरा सांगते, की जिजाईंनी स्वतःच्या शब्दावर कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा व्यापाराला धाडले, आणि त्याने मिळालेले पैसे वाटेत कोणा अडलेल्याला देऊन टाकले. ज्या घरात खते बुडवली गेली त्याच घरात नवे खत लिहून देणारी ही बाई होती. सावकाराच्या घरात वाढलेल्या मुलीला त्या कागदाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गाथेत तिचे बोलणे जपले गेले आहे, तेही नवऱ्याच्याच रचनेत. “गोणी आली घरा । दाणे खाऊं नेदी पोरां ॥ भरी लोकांची पांटोरी । मेला चोरटा खाणोरी ॥” घरी धान्याची गोणी आली, पण पोरांना दाणे खाऊ देत नाही आणि लोकांच्या झोळ्या भरतो, हा आरोप तपशिलासह नोंदवलेला आहे. दुसऱ्या एका अभंगात ती विचारते, “किती सर्वकाळ सोसावें हें दुःख । किती लोकां मुख वासूं तरीं ॥” रोज नव्या दारात तोंड पसरण्याची तिची लाज ही तुकोबांच्या ‘लज्जा वाटे जीवा’ या शब्दांची जुळी बहीण आहे, फरक इतकाच, की त्यांची लाज देवळाच्या चिखलात आणि कीर्तनात विरून गेली, हिची मात्र रोज सकाळी चुलीपाशी नव्याने उभी राहत होती. तिच्या बोलण्यावर तुकोबांनी दिलेली उत्तरे कठोर आहेत, काही ठिकाणी शिवराळही आहेत. ती मवाळ करून सांगण्यात अर्थ नाही. तरीही आपल्याविरुद्धचा आरोप आपल्याच वहीत, आरोप करणाऱ्याच्याच भाषेत उतरवून ठेवणारा माणूस हिशेबात खोट करणारा नव्हता, एवढे म्हणता येते.

तेरा दिवसांचे धरणे

दुष्काळानंतरच्या वर्षांत तुकोबांना अभंग सुचू लागले. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितले, असे ते म्हणतात. या कवित्वावरच दुसरे संकट आले. शूद्राने प्राकृतात वेदार्थ बोलू नये असा आक्षेप घेतला गेला. परंपरा या आक्षेपाशी वाघोलीच्या रामेश्वर भटांचे नाव जोडते. तुकोबांच्या शब्दांत हा सारा प्रसंग दोन ओळींचा आहे: “निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें ॥ बुडविल्या वह्या बैसलों धरणें । केलें नारायणें समाधान ॥”

यातला ‘धरणें’ हा शब्द आज आपण आंदोलनाच्या अर्थाने वापरतो, त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. त्या काळात धरणे ही येणे वसूल करण्याची रीत होती. ज्याचे पैसे अडकले आहेत तो धनको ऋणकोच्या दारात जाऊन बसे आणि अन्न वर्ज्य करी. तो दारात उपाशी बसलेला असताना घरातल्यानेही जेवू नये असा संकेत होता, आणि धनको दारात मेला तर त्याच्या हत्येचे पाप ऋणकोच्या माथी येई. सावकारी केलेल्या माणसाला ही रीत तोंडपाठ असणार. ज्याने माणसांकडची येणी नदीत सोडून दिली, ज्याने बहुधा आयुष्यात कोणा गरिबाच्या दारात धरणे धरले नसेल, तो आता विठोबाच्या दारात धनको होऊन बसला. देव काय देणे लागत होता? शब्द. कवित्व कर असे देवानेच सांगितले. ते काम करता करता अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा भरपाई त्यानेच करावी.

त्या दिवसांतले अभंग विनवणीचे कमी आणि तगाद्याचे जास्त आहेत. “तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पवसी अनंता मायबापा ॥” (निश्चक्र म्हणजे निराहार उपवास) असे म्हणून ते देवाला विचारतात, की दगडाची खोळ पांघरून बसलास, तुला झाले तरी काय, आणि मी येथे प्राण सोडीन, माझी हत्या तुझ्यावर घालीन, अशी सरळ धमकी देतात. धरण्याची सगळी कलमे त्यात आहेत. अनेकांना हे भक्तीच्या विरुद्ध वाटते. माझ्या मते या प्रकरणातील सुरक्षिततेचा गाभा येथेच आहे. ज्याच्याशी भांडल्यावर तो आपल्याला सोडून जाणार नाही याची खात्री असते, त्याच्याच दारात माणूस असा बसू शकतो. अनोळखी सावकाराला कोणी ‘मायबाप’ म्हणून धमकावत नाही.

वह्या कोरड्या वर आल्या असे परंपरा सांगते. देहूच्या देवळात ‘भिजकी वही’ म्हणून एक हस्तलिखित जपले गेले. चमत्काराबद्दल ज्याने त्याने आपले मत ठेवावे. प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तुकोबांचे त्यानंतरचे बोलणे. त्यांना आनंदाआधी संकोच वाटला: “थोर अन्याय केला तुझा अंत म्यां पाहिला । जनाचिया बोलासाठीं चित्त क्षोभविलें ॥” लोकांच्या बोलण्यासाठी तुला शिणवले, हा माझा अन्याय झाला, असे ते म्हणतात. वसुली झाल्यावर धनकोने ऋणकोची क्षमा मागावी, असा हा व्यवहार आहे. पुढे आक्षेप घेणारे रामेश्वर भटच तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांच्या नावाने चालत आलेली तुकारामांची आरती आजही देहूत म्हटली जाते. तिच्यात “तुकितां तुलनेसी । ब्रह्म तुकासी आलें” असे शब्द आहेत; तुकणे म्हणजे तोलणे. ज्याच्या दुकानातला तराजू दुष्काळाने हिसकावून घेतला, त्याला आरतीत मिळालेला मानही तराजूतलाच आहे.

भांडवल

दोन संकटे पार झाल्यावर तुकोबा कायमचे निश्चिंत झाले, असे मात्र गाथा सांगत नाही. “रात्रीं दिवस आम्हां युद्धाचा प्रसंग” हेही त्यांचेच आणि “माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥” हेही त्यांचेच. या दुसऱ्या ओळीतला ‘लेखीं’ हा शब्द पाहण्यासारखा आहे: लेखा म्हणजे हिशेब. माझ्या वहीत त्याचे खाते बुडीत, दुसऱ्याच्या वहीत असेल तर असो. एवढे टोकाचे बोलूनही पुढच्या पानावर ते त्याच्याच पायाशी आहेत, कारण खाते बुडीत म्हणून लिहिणे आणि खाते बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे व्यापाऱ्याला कळते. त्यामुळे देवाजवळची सुरक्षितता म्हणजे शंकेपासून सुटका, अशी व्याख्या या प्रकरणाला लागू पडत नाही. शंका, राग, तगादा हे सगळे त्या निवाऱ्याच्या आतच घडत होते.

आत्मकथनाचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. सारी हकिकत सांगून झाल्यावर ते म्हणतात, विस्ताराने सांगायला गेलो तर उशीर होईल, आता पुरे. मग “आतां आहे तैसा दिसतो विचार । पुढील प्रकार देव जाणे ॥” उद्याचा दुष्काळ टळेल, घरातली कणगी भरेल, जिजाईंचे बोलणे थांबेल, यांपैकी कशाचीही हमी यात नाही. त्यापुढच्या ओळीत नारायण भक्ताला उपेक्षीत नाही असे ‘कळों आलें’, म्हणजे अनुभवाने कळून आले, असे ते सांगतात, आणि अखेरीस येतो तो शब्द, ज्याच्याकडे हा बाविशीत दिवाळे निघालेला माणूस आयुष्यभर चालत आला होता: “तुका म्हणे माझें सर्व भांडवल। बोलविले बोल पांडुरंगें ॥” भांडवल शब्दांचे आहे, ते पांडुरंगाने पुरवले आहे, आणि दुसऱ्या एका अभंगात तुकोबा सांगतात त्याप्रमाणे हे धन लोकांत वाटायचे आहे: “शब्दें वाटूं धन जनलोकां.” या धंद्यात कर्जखत लिहून घेण्याची रीत नव्हती.

तुकोबांचे निर्याण झाले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. पोटातला तो मुलगा म्हणजे नारायण महाराज; त्यांनी १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीमार्गे पंढरीची वाट धरली. बापाला त्यांनी कधी पाहिले नव्हते. “गोणी आली घरा” म्हणणाऱ्या आईनेच त्यांना वाढवले होते.